नुक्त्याची चूक

आम्ही भिवंडीच्या एका उर्दू हायस्कुलात शिक्षक आहोत. घरात कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकवतो आणि काही लिहावंसं वाटलं की मराठीत लिहितो. उर्दूत स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय जडली आहे, त्यामुळे मराठीतही ‘मी’ हा शब्द हातून उमटत नाही. वाचकांनी ह्याला मोठेपणा समजू नये.

पाचवीत नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहितो, ‘खुदा’ आणि ‘जुदा’. उर्दू लिपीत दोघांचा सांगाडा एकच आहे. नुक्ता डोक्यावर दिला की ‘खुदा’ आणि पोटात दिला की ‘जुदा’. मुलं हसतात. आम्ही मात्र गंभीर चेहरा करून सांगतो, ‘बघा, एक ठिपका इकडचा तिकडे झाला की जोडणारा तोडणारा होतो.’ बारा वर्षं हे वाक्य आम्ही पाठ केल्यासारखं म्हणत आलो. त्याचा अर्थ आम्हाला कळला तो मात्र वर्गात नव्हे, एका बर्गरच्या दुकानात.

गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली. कल्याणला शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं. मराठी, उर्दू, हिंदी सगळ्या माध्यमांचे शिक्षक एका हॉलमध्ये कोंबले होते. प्रशिक्षणात काय शिकलो हे विचारू नका, पण एक गोष्ट चांगली होते. एरवी मराठी शाळेचे मास्तर आणि उर्दू शाळेचे मास्तर फक्त निवडणुकीच्या ड्यूटीवर भेटतात. इथे पाच दिवस एका बाकावर बसायचं, एकमेकांच्या पेनातली शाई वापरायची आणि एकाच पद्धतीने जांभया द्यायच्या. आमच्या गटात आठ जण होते, तीन उर्दूवाले आणि पाच मराठीवाले. तिसऱ्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला की आमची वरिष्ठ वेतनश्रेणी मंजूर झाली. बारा वर्षं नोकरी केल्यावर मिळते ती. बातमी फुटायला किती वेळ लागणार? ‘सर, पार्टी पाहिजे!’

खरं तर अशा वेळी आमच्याकडे बिर्याणीच व्हायला हवी. पण मार्गशीर्ष चालू होता. मराठीवाल्यांतल्या एक मॅडम जन्मापासून शाकाहारी आणि दुसऱ्या मॅडम एरवी मासे आवडीने खाणाऱ्या, पण मार्गशीर्षात त्यांचंही बंद. आम्ही विचार केला, बिर्याणीच्या हॉटेलात ह्यांना नेऊन नुसती कांदा-काकडी खायला घालायची का? शुद्ध शाकाहारी हॉटेलात गेलो तर आमचे दोघे उर्दूवाले तोंड पाडून बसणार. मग ठरलं की मॉलमधल्या बर्गरच्या दुकानात जाऊ. तिथे सगळ्यांचंच भागतं.

‘सगळ्यांचंच भागतं’ हे काही उगाच म्हटलं नाही. १९९६ साली मॅकडोनाल्डने दिल्लीत आणि मुंबईत वांद्र्याला पहिली दुकानं उघडली तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. ह्या देशात यायचं तर गोमांस ठेवायचं नाही, डुकराचं मांस ठेवायचं नाही आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाक वेगळा करायचा, हे त्या अमेरिकन कंपनीला समजलं. आमच्या पुढाऱ्यांना ते तितकं समजलं की नाही, देव जाणे! त्यानंतर आलेल्या बहुतेक दुकानांनी तोच रस्ता धरला. आमच्या पिढीला तिथली चव आवडली की नाही हा वेगळा प्रश्न आहे. पण तिथे ‘तुमच्याकडचं आम्हाला चालत नाही’ असं कोणी कोणाला म्हणायची गरज उरली नाही. कोणाचं ताट, कोणाचं भांडं, कोणाचा हात, हे प्रश्न कागदात गुंडाळून बाजूला ठेवले गेले. हिरवा ठिपका बघायचा आणि खायचं. आपल्या देशात माणसांना एका टेबलावर बसवणं किती अवघड आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

आता ह्या दुकानांची तब्येत अलीकडे बिघडली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. महिन्यातून एकदा मुलांच्या हट्टापायी आम्हीही जातो. कधी चार मागवले तर तीनच येतात. कधी ‘कांदा नको’ म्हटलं की कांदा जास्त येतो. बटाट्याच्या काड्या इतक्या गार, की त्यांनी फळ्यावर लिहिता यावं. पूर्वी काउंटरवर कोणी तरी हसून ‘बोला सर’ म्हणायचं. आता एक उभा स्क्रीन असतो, त्याच्यावर आपणच बोटं आपटायची, आपणच पैसे द्यायचे, आपला नंबर येईपर्यंत आपणच टक लावून बसायचं, आपणच ट्रे उचलायचा आणि शेवटी उष्टं आपणच डब्यात टाकायचं. आमची अम्मी पहिल्यांदा आली तेव्हा हे सगळं बघत होती. शेवटी तिने विचारलं, ‘सगळं काम आपणच केलं, तर पैसे कशाचे दिले?’ आम्ही म्हटलं, ‘एसीचे.’ ती म्हणाली, ‘मग एसी तरी चालू करायला सांग.’

हा सगळा विनोद चार दिवस घरात पुरतो. दोन बर्गर कमी आले तर भूक राहते, दुसरं काही बिघडत नाही. त्या दिवशी मात्र बिघडलं.

आम्ही स्क्रीनवर पाच शाकाहारी आणि तीन चिकन अशी ऑर्डर दिली. पावती अजून आमच्याजवळ आहे, तिच्यात सगळं बरोबर आहे. पंचवीस मिनिटांनी नंबर लागला. आठही बर्गर एकसारख्या कागदात गुंडाळलेले होते आणि कागदावर छोटं स्टिकर होतं. त्यावरून कोणता कोणाचा ते कळणार. यजमान म्हणून आम्हीच वाटप केलं. स्टिकर वाचून शाकाहारी मॅडमच्या हातात त्यांचा बर्गर आम्हीच दिला. हे वाक्य लिहिताना अजूनही बोट अडखळतं.

गप्पा चालू होत्या. पाव, मेयोनीज, कोबीची पानं ह्यांच्या गर्दीत पहिल्या दोन घासांना काही समजत नाही. तिसऱ्या घासाला मॅडम थांबल्या. त्यांनी पाव उघडला.

‘सर, हे काय आहे हो?’

चिकन होतं.

टेबलावर जी शांतता पसरली तिच्याइतकी मोठी शांतता आम्ही परीक्षेच्या हॉलमध्येही ऐकली नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. तोंडावर रुमाल धरून उठल्या आणि बेसिनकडे गेल्या, दुसऱ्या मॅडम त्यांच्यामागे धावल्या. मराठीवाल्यांपैकी एका सरांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘चला, मॅडम आता आमच्या पंगतीत आल्या.’ कोणी हसलं नाही. ते सरही हसले नाहीत.

आम्हाला कोणी काही म्हटलं नाही. पण जे म्हटलं गेलं नाही तेच आम्हाला ऐकू येत होतं. ‘बाटवणं’ हा मराठीतला शब्द आम्ही कादंबऱ्यांत वाचला होता. तो त्या दिवशी आमच्या खुर्चीशेजारी येऊन बसला. मुसलमान मास्तरने पार्टी दिली आणि शाकाहारी बाईच्या हातात चिकन ठेवलं. प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअॅप गटात एवढं एक वाक्य पडलं असतं तरी पुरे होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त स्टिकरची गोष्ट राहून गेली असती.

आणि मॅडमच्या घशाखाली काय उतरलं असेल ते आमच्याइतकं कोणाला कळणार? आम्हीसुद्धा अनोळखी गावात जेवायला बसलो की पहिला प्रश्न हलालचाच विचारतो. भिंतीवरच्या एका चौकटीतल्या कागदावर भरवसा ठेवतो आणि बिस्मिल्लाह म्हणतो. उद्या तो कागद खोटा निघाला तर आमच्या पोटात जे ढवळून निघेल, तेच त्यांच्या पोटात त्या क्षणी ढवळत होतं. ठिपका हिरवा असो की हलालचा शिक्का असो, खाणारा माणूस आपलं इमान दुसऱ्याच्या हातात सोपवून बसलेला असतो. ती अमानत असते. बदललेला बर्गर परत देता येतो, ही अमानत परत करता येत नाही.

आम्ही उठलो आणि काउंटरवर गेलो. आमचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आहे. तो पूर्ण उघडला. काउंटरच्या आत डोक्यावर टोपी घातलेला एक मुलगा पाठमोरा उभा राहून पिशव्या भरत होता. त्याच्या पाठीवर आम्ही ओरडलो, ‘स्टिकर लावताना वाचत नाही का तुम्ही लोक? लिहिता-वाचता येतं की नाही? कोणी शिकवलं तुम्हाला?’

मुलगा वळला.

‘अस्सलाम अलैकुम, सर.’

आम्हीच शिकवलं होतं त्याला. पाचवी ते दहावी, सहा वर्षं. वडील यंत्रमागावर, बारा तासांची पाळी करणारे. २०२१ ची बॅच, जिची दहावीची परीक्षाच कोरोनामुळे झाली नाही आणि जिला आजही लोक ‘बिनपरीक्षेचे’ म्हणून हिणवतात. घरात एकच मोबाइल होता, तो वडिलांबरोबर कारखान्यात जायचा. म्हणून हा रात्री अकराला आम्हाला गृहपाठाचे फोटो पाठवायचा. अक्षर फार सुंदर. नुक्ता तर कधी चुकला नाही.

सलामाचं उत्तर देणं वाजिब असतं. आमच्या तोंडून ते निघालं, पण आवाज आमचा नव्हता.

तेवढ्यात व्यवस्थापक आला. तोही पंचविशीचाच पोरगा. त्याने आमची माफी मागितली, दुसरा बर्गर लगेच करून देतो म्हणाला, वर बटाट्याच्या काड्या फुकट देतो म्हणाला. मग आमच्यादेखत त्या मुलाला हिंदी-इंग्रजीत झापायला सुरुवात केली. मुलगा मान खाली घालून एवढंच म्हणाला, ‘चूक माझी आहे.’ काही क्षणांपूर्वी आम्हाला हेच तर हवं होतं. कोणी तरी दोषी हवा होता आणि तो आमच्यासमोर झापून घेणारा हवा होता. तो मिळाला, तर आम्हाला तिथे उभं राहवेना.

एक प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मानगुटीवर बसला आहे. वळलेला चेहरा ओळखीचा निघाला नसता तर? मग आम्ही किती वेळ ओरडत राहिलो असतो?

प्रशिक्षण सुटल्यावर आम्ही मॉलच्या बाहेर त्याची वाट बघितली. साडेसहाला तो आला. स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेतला. त्याला वाटलं आम्ही आता शांतपणे रागावणार. आम्ही म्हटलं, ‘बेटा, रागवायला नाही आलो. हे होतं कसं, ते सांग.’

त्याने जे सांगितलं ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. पूर्वी एका पाळीत सात जण असायचे, आता चार असतात. समोरच्या गिऱ्हाइकांची रांग तर दिसते, पण त्याहून मोठी रांग दिसत नाही. ती मोबाइलवरून ऑर्डर देणाऱ्यांची. दुकानात दहा माणसं बसलेली दिसतात तेव्हा स्वयंपाकघरात तीस ऑर्डरी चालू असतात. आतल्या स्क्रीनवर प्रत्येक ऑर्डरपुढे घड्याळ असतं आणि वेळ संपत आली की तो रकाना लाल होतो. डिलिव्हरीवाले काउंटरवर मोबाइल आपटत असतात, कारण उशीर झाला तर त्यांचंही नुकसान. व्यवस्थापकाला वरून विचारतात ते सेकंद. चुका कोणी विचारत नाही, तक्रार आली तरच चूक. त्या दुपारी दोन ऑर्डरींची स्टिकरं एकापाठोपाठ छापून निघाली. समोर दोन बर्गर होते आणि बाजूला तीन डिलिव्हरीवाले ओरडत होते. एक स्टिकर इकडचं तिकडे झालं.

‘आमची शाकाहारीची बाजू वेगळी आहे, सर. तिथे चूक होत नाही. चूक होते ती पिशवी भरताना. तिथे मी एकटाच असतो.’ मग चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, ‘तुमचं खुदा-जुदा झालं, सर.’

आम्ही हसलो नाही.

आमच्या वयाचे लोक अशा वेळी जुन्या दिवसांची आठवण काढतात. आम्हीही काढली. भिवंडीत यंत्रमागाच्या गल्ल्यांत चहा पोहोचवणारा पोऱ्या असायचा. तारेच्या जाळीत सहा-आठ ग्लास. कोणत्या मागावर कमी साखर, कोणाला मलई, कोणाचं खातं, कोणाची उधारी, सगळं डोक्यात. मागांच्या खडखडाटात बोटांच्या खुणांवर ऑर्डर घ्यायचा आणि कधी चुकायचा नाही. ‘काय सर्व्हिस होती!’ असं आम्हीच कितीदा म्हटलं आहे.

पण तो पोऱ्या दहा-अकरा वर्षांचा असायचा. तो चुकत नसे, कारण चुकला की कानाखाली बसायची. त्याच्या त्या तल्लख डोक्याची जागा आमच्या वर्गात होती आणि तो तारेची जाळी घेऊन फिरत होता. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं, ढाबे, चहाची दुकानं आणि घरकाम ह्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आली. बंदी आली म्हणून सगळी पोरं लगेच शाळेत आली असं नाही, तरी काही आली, आणि त्यातली काही आम्ही शिकवली. म्हणून जुन्या सर्व्हिसचं कौतुक करताना आता जीभ चावावी लागते. ती सर्व्हिस नव्हती, धाक होता.

मग आजची व्यवस्था काय आहे? ती मुळात धाकाशिवाय आणि कौशल्याशिवाय चालावी अशीच बांधली होती. १९४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांनी आपलं चाललेलं हॉटेल बंद करून नव्या पद्धतीने उघडलं. गाडीपर्यंत पदार्थ नेणारे वाढपी काढून टाकले, पदार्थांची यादी कापून नऊवर आणली, ताटल्यांच्या जागी कागद आणला आणि स्वयंपाकाची कारखान्यासारखी वाटणी केली. एकाने भाजायचं, एकाने पाव लावायचा, एकाने गुंडाळायचं. आमच्या भिवंडीच्या माणसाला हे सहज समजेल. ताणा करणारा वेगळा, माग चालवणारा वेगळा, घडी घालणारा वेगळा. नऊ पदार्थ आणि प्रत्येक जागी एक माणूस, ह्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

पुढे यादी वाढत गेली. पन्नास पदार्थ झाले, प्रत्येकाला ‘हे नको, ते जास्त’ जोडलं गेलं, दारातली रांग, फोनमधली रांग आणि स्क्रीनवरची रांग एकाच खिडकीत आली. माणसं मात्र वाढण्याऐवजी कमी झाली. मागांची संख्या दुप्पट करायची आणि कारागीर निम्मे करायचे, मग कापडात गाठी आल्या की कारागिराला बोल लावायचा. हे गणित आमच्या गावाला नवं नाही.

माणूस चुकतो म्हणून यंत्र आणू, असंही मोठ्या कंपन्यांना वाटलं. अमेरिकेत मॅकडोनाल्डने शंभरावर दुकानांत, गाडीत बसल्या बसल्या दिलेली ऑर्डर माणसाऐवजी यंत्राने ऐकून घ्यायचा प्रयोग आयबीएमबरोबर केला. लोक त्याच्या गमतीदार चुकांचे व्हिडिओ काढू लागले आणि २०२४ च्या जूनमध्ये कंपनीने तो प्रयोग थांबवत असल्याचं जाहीर केलं. यंत्र चुकलं तेव्हा जग हसलं. आमचा विद्यार्थी चुकला तेव्हा त्याला मान खाली घालावी लागली. एवढाच फरक.

आणि आम्ही तरी कोण? आमच्या वर्गात पासष्ट मुलं आहेत. शिकवणं, ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, हे सगळं त्याच दोन हातांनी. काही वर्षांपूर्वी एका मुलीचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लिहिताना आमच्या हातून एक अक्षर चुकलं. उर्दूत बरोबर होतं, मराठीत उतरवताना चुकलं आणि पुढे शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत तेच चुकीचं गेलं. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं. आजच्या दिवसांत मुसलमान मुलीच्या कागदांत दोन नावं असणं म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. तिच्या वडिलांनी मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, चार महिने फेऱ्या मारल्या. ते आमच्याकडे आले तेव्हा उभ्यानेच बोलत होते, हात जोडून. ‘सर, जरा एवढं नीट करून द्या.’ आमच्यावर कोणी ओरडलं नाही. आम्हाला कोणी ‘लिहिता-वाचता येतं का’ असं विचारलं नाही. आम्ही कायम नोकरीतले बी.एड. मास्तर. आमची चूक ‘कारकुनी चूक’ ठरते आणि टोपीवाल्या पोराची चूक हलगर्जीपणा.

म्हणजे तक्रारच करू नये का? असं आम्ही म्हणत नाही. पाकिटावरची हिरवी खूण काही शोभेची नसते. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी गोल होती, रंग ओळखता न येणाऱ्यालाही फरक कळावा म्हणून २०२० च्या नियमांनी तिचा त्रिकोण केला. इतकी काळजी ज्या खुणेची घेतली जाते, तिच्या बाबतीत चूक झाली तर गिऱ्हाइकाने गप्प बसू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. प्रश्न एवढाच, की बाण कोणाकडे रोखायचा?

मॉलमधून निघताना एका छोट्या स्क्रीनने आम्हाला ‘आजचा अनुभव कसा वाटला?’ असं विचारलं होतं. खाली पाच चांदण्या आणि सेवा देणाऱ्याचं नाव. एका चांदणीवर बोट ठेवलं असतं तर तक्रार नोंदली गेली असती आणि ती सरळ त्या पोराच्या पगारावर जाऊन पडली असती. आम्ही बोट मागे घेतलं. घरी आल्यावर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. दिवस लिहिला, वेळ लिहिली, पावतीचा नंबर लिहिला. मुलाचं नाव लिहिलं नाही. त्याऐवजी विचारलं, की दुपारी दीड वाजता, सगळ्यात जास्त गर्दी असताना, पिशव्या भरायला एकच माणूस का होता? शाकाहारी बर्गरसाठी वेगळ्या रंगाचा कागद का नाही? चूक पकडण्यासाठी दुसरी नजर का नाही? आमच्या परीक्षेतसुद्धा एकाने तपासलेला पेपर दुसरा बघतो.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ आमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सोबत एक कूपन होतं. एक बर्गर मोफत, चिकनचा.

आता मॅडमबद्दल. दुसऱ्या दिवशी त्या येतील की नाही ह्याची आम्हाला धास्ती होती. आल्या, नेहमीच्या बाकावर बसल्या. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्यापाशी गेलो आणि माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी थांबवलं.

‘सर, तुमची काय चूक? पावती मी बघितली होती.’ मग थोड्या थांबून म्हणाल्या, ‘घरी नाही सांगितलं मी. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दुकान कोणतं ते विचारलं नसतं. पार्टी कोणाची होती, ते विचारलं असतं.’

आम्हाला बोलता येईना. आम्ही आदल्या रात्री जागून जी भीती उराशी धरली होती, तीच भीती ह्या बाईंनी आमच्यासाठी आपल्या घरात गिळून टाकली होती. जे घशाखाली उतरलं त्याचं दुःख वेगळं, आणि ते एकटीने पचवायचं. हा त्याग बातमी होत नाही. ज्या गोष्टी घडत नाहीत त्यांची बातमी कोण छापणार? पण ह्या देशात आपण अजून एका बाकावर बसतो आहोत ते अशाच न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

त्यांनी डबा उघडला. थालीपीठ होतं. झाकणावर अर्धं आमच्यासाठी काढून म्हणाल्या, ‘ह्याच्यावर स्टिकर नाही हं, सर. विश्वासाने खा.’

आता खरं ते सगळंच लिहितो. त्यानंतर आम्ही आठ जण दोनदा भेटलो. दोन्ही वेळा मॅडम डबा घेऊन आल्या. ‘बाहेरचं नको वाटतं आता’ एवढंच म्हणाल्या. आम्हीही आग्रह केला नाही. सगळे हसतखेळत जेवलो. पण ते जे सगळ्यांचं टेबल होतं, जिथे कोणी कोणाच्या डब्याकडे बघायचं कारण नव्हतं, ते काही परत मांडता आलं नाही. एका चुकलेल्या स्टिकरने तेवढं केलं.

मुलाने मार्चमध्ये ती नोकरी सोडली. आता तो स्वतःच मोटारसायकलवर डिलिव्हरी करतो. रमजानमध्ये एकदा इफ्तारच्या आधी आमच्याच दारात उभा राहिला, शेजाऱ्यांची ऑर्डर घेऊन, मजला चुकून. आम्हाला बघून लाजला. आम्ही त्याला खजूर आणि पाणी दिलं. अजान व्हायला दोन मिनिटं होती, पण तो थांबला नाही. ‘वेळ चालू आहे, सर’ म्हणाला आणि खजूर मुठीत घेऊन जिना उतरला.

ह्या जूनमध्ये पाचवीत नवी मुलं आली. आम्ही फळ्यावर ‘खुदा’ आणि ‘जुदा’ लिहिलं. मुलं नेहमीसारखी हसली. एका मुलाने हात वर करून विचारलं, ‘सर, नुक्ता चुकला तर मार्क कापणार?’

बारा वर्षं आमचं उत्तर ठरलेलं होतं. ह्या वेळी थोडं थांबलो.

‘कापणार,’ आम्ही म्हटलं. ‘पण आधी विचारणार, लिहायला वेळ किती मिळाला होता.’